ऐकणं, सेवा आणि स्वातंत्र्य : निर्गमाच्या पुस्तकातली उपासना

मागे उभे असलेल्यांनी पुढे या, इथे दोन-तीन खुर्च्या रिकाम्या आहेत. सुरू करू या.

आजच्या विषयात तीन शब्द आहेत: स्वातंत्र्य, आज्ञापालन आणि उपासना. जाहिरात वाचून एकांनी मला विचारलं, की यातले पहिले दोन एकमेकांच्या विरुद्धच आहेत, मग बोलणार काय? प्रश्न बरोबर आहे. आपण शाळेत रजेचा अर्ज लिहायचो, त्याच्या खाली 'आपला आज्ञाधारक' असं लिहून सही करायचो. अर्थ कुणालाच कळत नव्हता, पण ते लिहिल्याशिवाय अर्ज पुरा होत नसे. आज्ञाधारकपणाशी आपली पहिली ओळख ही अशी, मान खाली घालून. त्यामुळे धर्मात आज्ञापालन म्हटलं की तेच चित्र डोळ्यांसमोर येतं.

मी कॅथलिक परंपरेच्या आतून बोलणार आहे, हे आधीच सांगतो. जे त्या परंपरेतले नाहीत त्यांनी हे एका ग्रंथाचं आणि एका पुस्तकाचं वाचन म्हणून ऐकावं. ग्रंथ म्हणजे बायबल, त्यातही मुख्यतः निर्गम. आणि पुस्तक म्हणजे योसेफ राट्झिंगर यांचं उपासनेवरचं, इंग्रजीत 'द स्पिरिट ऑफ द लिटर्जी' या नावाने ओळखलं जाणारं. मूळ जर्मन, सन 2000 मधलं. राट्झिंगर पुढे 2005 मध्ये पोप झाले, सोळावे बेनेडिक्ट. रोमानो ग्वार्दिनी यांचं जवळपास याच नावाचं छोटं पुस्तक 1918 मध्ये आलं होतं, त्याची आठवण ठेवून राट्झिंगरांनी हे नाव घेतलं. आज मला या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाबद्दल बोलायचंय. त्यातलं मला काय पटतं, आणि कुठे मला थांबावंसं वाटतं, एवढंच.

पुस्तकाकडे जाण्याआधी आपल्याच भाषेतले दोन शब्द बघू.

पहिला, 'ऐकणं'. आई म्हणते, पोरगा ऐकत नाही. म्हणून ती त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेत नाही. मराठीत ऐकणं म्हणजे कानाने ऐकणं आणि सांगितल्याप्रमाणे वागणं, दोन्ही. हिब्रूतही नेमकं असंच आहे. तिथला 'शमा' हा धातू दोन्ही कामं करतो. यहुदी लोक रोज म्हणतात ती प्रार्थना, अनुवादाच्या सहाव्या अध्यायातली, याच शब्दाने सुरू होते. ग्रीकमध्ये आज्ञापालनाला 'हुपाकोए' म्हणतात, त्याच्या पोटातही ऐकण्याचाच धातू आहे. लॅटिनचंही तसंच. म्हणजे बायबलमध्ये आज्ञापालन हा आधी कानाचा विषय आहे. मान वाकवण्याचा नंतर.

दुसरा शब्द, 'सेवा'. सरकारी नोकरीला आपण सेवा म्हणतो, माणूस सेवानिवृत्त होतो. आणि देवाची करतो तीही सेवाच. हिब्रूत 'अवोदा' हा असाच शब्द आहे. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात फारो इस्राएल लोकांना चिखल-विटांच्या कामाला जुंपतो, शेतात राबवतो, ती अवोदा. तिसऱ्या अध्यायात देव मोशेला सांगतो की लोकांना बाहेर काढल्यावर तुम्ही याच डोंगरावर माझी उपासना कराल, तिथेही तोच धातू. गुलामगिरी आणि उपासना एकाच मुळाची.

हे ऐकून काही जण म्हणतील, बघा, आम्ही म्हणतच होतो! मालक बदलला, गुलामी तीच. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझ्या मते निर्गमाचं सगळं पुस्तक या एका प्रश्नाचं उत्तर शोधतंय: एका सेवेत आणि दुसऱ्या सेवेत फरक काय?

आता राट्झिंगर. त्यांचा पहिला मुद्दा असा. आपण निर्गमाची गोष्ट सांगताना सांगतो, की लोक मिसरात गुलाम होते, देवाने त्यांना सोडवलं आणि वचनदत्त देशात नेलं. म्हणजे उद्दिष्ट काय, तर जमीन. राट्झिंगर म्हणतात, फारोपुढे मोशे जी मागणी पुन्हा पुन्हा ठेवतो ती नीट वाचा. तो जमिनीचं नाव काढत नाही. लोकांना जाऊ दे, रानात देवाची उपासना करू दे, एवढंच तो मागतो.

आणि मग घासाघीस सुरू होते. ही मला फार आवडते, कारण फारो इथे कसलेला व्यवहारी माणूस आहे. आधी म्हणतो, करा ना उपासना, पण इथेच करा. मग म्हणतो, बरं जा, पण फार लांब नको. मग म्हणतो, पुरुषांनीच जावं. शेवटी म्हणतो, बायका-पोरं घेऊन जा, गुरंढोरं मात्र इथेच राहू द्या. मोशे तडजोड मान्य करत नाही. आणि दहाव्या अध्यायात एक चमत्कारिक कारण देतो: तिथे पोचेपर्यंत देवाला काय अर्पण करायचं हे आम्हालाच माहीत नाही, म्हणून सगळं बरोबर नेणार.

राट्झिंगर याच ओळीवर बोट ठेवतात. उपासना कशी करायची हे उपासक ठरवत नाही. ती आपल्या हातात येते ती मिळालेली म्हणून. आणि म्हणूनच तिच्यावर राजकीय तडजोड होऊ शकत नाही. पुढे सिनाय डोंगरावर तीन गोष्टी एकत्र मिळतात: उपासना, कायदा आणि नीती. या तिघांची वीण सुटली की जमीन हातात असूनही माणूस मिसरातच राहतो.

इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे. किंबहुना मला वाटतं हा मुद्दा त्यांनी मांडला त्याहून पुढे जातो. फारोची अडचण उपासनेशी नाहीच. तो धार्मिक कार्यक्रमाला हरकत घेत नाही. त्याची एकच अट आहे, की उपासनेनंतर माणसं परत विटांच्या कामावर यायला हवीत. देवाचं काय ते उरका, कामाचं बिघडू देऊ नका. जगातल्या बहुतेक सत्ताधीशांना अशी उपासना चालते. त्यांना चालत नाही ती वेगळी: जिच्यामुळे माणसाला कळतं की मी मुळात फारोचा नव्हेच. देवाचं ऐकणारा माणूस फारोचं ऐकत नाही, ही त्या आज्ञापालनाची पहिली खूण.

पहिल्याच अध्यायात शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणी येतात. मुलगा झाला तर मारून टाका, असा राजाचा हुकूम. त्या देवाचं भय बाळगतात, म्हणून हुकूम मोडतात. मोशेचा जन्म अजून व्हायचाय, सिनाय तर कुठल्या कुठे. दहा आज्ञा अजून दिल्याच गेल्या नाहीत आणि बायबलमधल्या दोन बायांनी आज्ञापालन करून दाखवलंय, तेही आज्ञाभंग करून. विशेष म्हणजे त्या सुइणींची नावं ग्रंथाने नोंदवली, फारोचं नाव कुठेच दिलं नाही.

आता मला जिथे थांबावंसं वाटतं ती जागा. सोन्याचं वासरू, निर्गमाचा बत्तिसावा अध्याय.

राट्झिंगर या गोष्टीला फार महत्त्व देतात आणि त्यांचं एक निरीक्षण बारीक आहे. ते म्हणतात, लोक दुसऱ्या देवाकडे गेले असं इथे वरवर दिसत नाही. मिसरातून सोडवणाऱ्या देवाचीच आपण भक्ती करतोय असं त्यांना वाटतं. पण न दिसणारा, हाताला न लागणारा देव त्यांना सहन होत नाही, म्हणून ते त्याला आपल्या पातळीवर ओढतात. उपासना मग समाजाने स्वतःसाठी भरवलेला सोहळा होते. आपणच आपल्याभोवती फेर धरतो. हा इशारा ते आजच्या चर्चला देतात: मिस्सा म्हणजे आपण रचायचा कार्यक्रम नव्हे.

इशारा खरा आहे. पण या वाचनात सगळा भर लोकांच्या मनमानीवर पडतो. मी तो अध्याय परत उघडला आणि मला अहरोन दिसला.

बघा ना. लोक अहरोनाकडे जातात, म्हणजे जो याजक होणार आहे त्याच्याकडे. अहरोन सांगतो, तुमच्या बायका-मुलांच्या कानातली सोन्याची कुंडलं काढून आणा. आणि काय होतं? सगळे काढून आणतात. हेच लोक पंधराव्या अध्यायात पाणी कडू आहे म्हणून कुरकुरले, सोळाव्यात खायला नाही म्हणून, सतराव्यात पुन्हा पाण्यावरून. आणि इथे घरातलं सोनं मागितलं तर एक जणही तक्रार करत नाही. अख्ख्या वाळवंटाच्या प्रवासात लोक इतके आज्ञाधारक क्वचितच दिसतात!

वेदी बांधतो तोही अहरोन. उद्या परमेश्वरासाठी सण आहे अशी दवंडी देतो तोही अहरोन. मोशे खाली येऊन जाब विचारतो तेव्हा तो म्हणतो, लोकांचा स्वभाव तुला माहीतच आहे, त्यांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. जणू त्याने काही केलंच नाही.

तर माझं म्हणणं असं, की वासरू नुसत्या मनमानीतून झालं नाही. अधिकारी माणसाने सांगितलं, लोकांनी ऐकलं आणि त्यातून ते झालं. लोकांनी मागितलं हे खरं, पण मागणी आणि मूर्ती यांच्यामध्ये एक अधिकार उभा होता आणि त्याने नाही म्हटलं नाही. कुंडलं कानातली होती, हेही लक्षात ठेवा. त्या दिवशी कान मोकळे झाले, पण ऐकायला कुणीच नव्हतं.

हा मुद्दा मी खोडी काढायची म्हणून मांडत नाही. गेल्या काही दशकांत चर्चमध्ये मुलांवर झालेल्या अत्याचारांची प्रकरणं देशोदेशी बाहेर आली. त्यांत पुन्हा पुन्हा एक गोष्ट दिसली: तक्रार घेऊन आलेल्यांना गप्प बसवलं गेलं आणि त्यासाठी आज्ञापालन हाच शब्द वापरला गेला. म्हणून उपासना आपण बनवायची नसते, एवढंच सांगून भागत नाही. वासरू वेदीच्या आतल्या बाजूनेही घडवलं जातं, हेही त्याच श्वासात सांगावं लागतं.

इथे कोणी पहिल्या शमुवेलाचा पंधरावा अध्याय काढेल. यज्ञापेक्षा आज्ञापालन श्रेष्ठ, असं शमुवेल शौलाला सुनावतो. हे वाक्य प्रवचनांमध्ये नेहमी येतं, बहुधा एकटंच येतं. पूर्ण अध्याय वाचला तर अंगावर येतो. शौलाला मिळालेली आज्ञा अमालेकी लोकांचा समूळ संहार करण्याची आहे, लहान मुलांसकट. या आज्ञेचं पालन आपण आदर्श म्हणून सांगायचं का? सोळाव्या बेनेडिक्टनीच 2010 मध्ये, 'वेर्बुम दोमिनी' या पत्रात, बायबलमधल्या अशा अंधाऱ्या उताऱ्यांबद्दल लिहिलंय. ते टाळू नका, पण देवाचं प्रकटीकरण इतिहासात टप्प्याटप्प्याने झालंय आणि उतारा संपूर्ण ग्रंथाच्या, शेवटी ख्रिस्ताच्या उजेडात वाचायचाय, असा त्यांचा आशय. म्हणजे सुटं वाक्य उचलून कुणाच्या डोक्यावर मारायचं नाही. आज्ञापालनावरचं वाक्य तर नाहीच नाही.

मग ख्रिस्ताच्या उजेडात आज्ञापालन कसं दिसतं? दोन जागा सांगतो.

एक, चाळीसावं स्तोत्र. तिथे कवी म्हणतो, की देवाला यज्ञ आणि अर्पणं नकोत, त्याऐवजी त्याने माझे कान उघडले. हिब्रूत तर कान खोदले असा शब्द आहे, विहीर खोदावी तसा. ग्रीक भाषांतरात कानाच्या जागी शरीर आलं आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात हेच स्तोत्र येशूच्या तोंडी घातलंय: तू माझ्यासाठी शरीर तयार केलंस, अशा अर्थाने. कान ते शरीर. ऐकलेलं अंगात उतरलं की तीच उपासना. पौल रोमकरांना बाराव्या अध्यायात सांगतो तेही हेच, तुमचं जगणं हेच अर्पण.

दुसरी जागा, गेथशेमाने. तिथे येशू लगेच हो म्हणत नाही. हा प्याला टळो असं तो मागतो, मत्तयाच्या वृत्तांतात तर तीनदा जाऊन प्रार्थना करतो. सातव्या शतकात यावर मोठा वाद झाला. काहींचं म्हणणं होतं, ख्रिस्तात एकच इच्छा होती, देवाची. संत माक्सिमस यांनी ते नाकारलं आणि त्यासाठी हालअपेष्टा सोसल्या. 680-681 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्यांच्या बाजूने निर्णय दिला: ख्रिस्ताला मानवी इच्छाही होती, खरीखुरी, आणि ती दैवी इच्छेत विरघळून गेली नाही. हा कोरडा तात्त्विक वाद वाटतो, पण आपल्या विषयाचा गाभा इथे आहे. देवाला हो म्हणताना माणसाची इच्छा पुसली जात नाही. ती विचारू शकते, घाबरू शकते, मग हो म्हणू शकते. जिथे विचारायचीच सोय नाही, तिथल्या होकाराला गेथशेमानेचा आधार घेता येत नाही.

आता हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात कसं दिसतं ते सांगतो. फ्रान्झ येगरश्टेटर. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड या छोट्या गावचा शेतकरी, 1907 चा जन्म. गावच्या चर्चमध्ये सॅक्रिस्टन, म्हणजे मिस्साची तयारी करणारा, चर्चची देखभाल बघणारा. बायको फ्रान्झिस्का, तीन लहान मुली. हिटलरसाठी शस्त्र हातात घेणं आपल्या श्रद्धेत बसत नाही, असा त्याचा निष्कर्ष झाला. तो ज्यांचं ऐकायचा त्यांच्याकडे गेला. धर्मगुरूंशी बोलला, लिंझच्या बिशपांना भेटला. बिशपांचा सल्ला काय, तर सरकारच्या कृत्यांची जबाबदारी तुझ्यावर नाही, तू कुटुंबाचं बघ.

मार्च 1943 मध्ये त्याने लढायला नकार दिला. शुश्रूषा पथकात काम करायची तयारी दाखवली, ती मान्य झाली नाही. बर्लिनच्या लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला आणि 9 ऑगस्ट 1943 रोजी ब्रँडनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. वय 36. युद्धानंतरही कितीतरी वर्षं गावात आणि चर्चमध्ये लोक त्याच्याबद्दल अवघडून बोलत. 26 ऑक्टोबर 2007 रोजी लिंझच्या कॅथीड्रलमध्ये त्याला धन्यवादित घोषित केलं गेलं. तेव्हा पोप होते सोळावे बेनेडिक्ट, म्हणजे आपले राट्झिंगर.

हा माणूस आज्ञाधारक होता की बंडखोर? बिशपांचा सल्ला त्याने मानला नाही. पण चर्च सोडलं नाही, बिशपांना शिव्या दिल्या नाहीत, प्रार्थना थांबवली नाही. फारोची पहिलीच ऑफर त्यालाही आली होती: उपासना करा, पण इथेच राहून करा. त्याने ती ओळखली, आणि मला वाटतं ती ओळखायला तो वेदीपाशीच शिकला. राट्झिंगरांच्या मूळ मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही. आणि माझ्या आक्षेपालाही.

आता शेवटचा भाग. मग खरी उपासना आणि वासरू यांत फरक कसा करायचा? निर्गमानेच एक कसोटी दिलीय आणि ती फार साधी आहे: शब्बाथ. सातव्या दिवशी विसावा. कुणाला? तुला, तुझ्या मुलांना, तुझ्या दासदासींना, गुरांना, दारातल्या परक्यालाही. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारणही येतं: तू मिसरात दास होतास हे विसरू नकोस. फारोच्या सेवेत विसावा नाही. पाचव्या अध्यायात सुट्टी मागितली म्हणून त्याने पेंढा देणं बंद केलं आणि विटांची संख्या तीच ठेवली. देवाच्या सेवेची पहिली आज्ञा आहे की राबणाऱ्याला थांबू द्या. मघाचा प्रश्न आठवतोय? मालक बदलला की गुलामी तीच? याचं उत्तर हे आहे. ज्या उपासनेने सगळ्यात खालच्या माणसाला श्वास घेता येतो, ती अवोदा वेगळी.

ही कसोटी आपल्याकडेही लावता येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषेला दार उघडलं आणि त्यानंतर आपल्याकडे मिस्सा मराठीत सुरू झाली. 1969 मध्ये रोमने भारतासाठी बारा गोष्टींना परवानगी दिली: जमिनीवर बसणं, पादत्राणं काढणं, हात जोडणं, आरती, समई वगैरे. तेव्हा काहींना हे वासरू वाटलं आणि आजही वाटतं. मी म्हणेन, आरती आहे की धूपदान, यावर ते ठरत नाही. लॅटिन असूनही वासरू होऊ शकतं आणि समई लावूनही होऊ शकतं. मराठी आल्यावर मागच्या बाकावरच्या आजीला शब्द ऐकू आला का, समजला का, हे विचारा. ऐकू आल्याशिवाय ऐकणं होत नाही.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. 'म्हणजे फादर सांगतील ते ऐकायचं नाही, असं तुमचं म्हणणं का?'

नाही हो. ऐकायचं. नीट ऐकायचं, म्हणजे अर्धवट ऐकून मान डोलवायची नाही. न समजलं तर विचारायचं, येशूने विचारलं तसं. फादरांनीही ऐकायचं, कारण त्यांनाही कान आहेत. येगरश्टेटर बिशपांना न भेटता निर्णयाला पोचला नाही, हे विसरू नका. आणि कुणी कानातलं सोनं काढून मागायला लागलं, तर एवढंच विचारा, की यातून काय घडवणार आहात? अहरोनाला हा प्रश्न त्या दिवशी एकाने जरी विचारला असता, तर बत्तिसावा अध्याय कदाचित वेगळा झाला असता.

वेळ संपली आहे. उरलेल्या चिठ्ठ्या घेऊन मी खाली चहापाशी थांबतो, तिथे बोलू.